पंपिंग चव्वेचाळीस

"ताई, आहात का? चव्वेचाळीस आलं!"

सकाळचे आठ वाजले होते. मी मोगऱ्याला पाणी घालत होते. कंपाउंडच्या पलीकडून वहिनींचा आवाज आला आणि मला वाटलं, लाइटबिल. चव्वेचाळीसशे म्हणजे जरा जास्तच, म्हणून मी नळ बंद करून भिंतीशी गेले.

"बिल नव्हे हो, पंपिंग! यांचं पंपिंग चव्वेचाळीस आलं. काल एको केला. आषाढात तीस होतं, आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं. आमची ही भिंत छातीइतकी उंच. मधल्या एका जागी गिलावा पार गुळगुळीत झालाय, तीस वर्षं आमची कोपरं तिथं टेकतात म्हणून. त्या जागेवरून कढीपत्ता जातो, विरजण येतं, आणि आषाढापासून भाऊंचे, म्हणजे वहिनींच्या यजमानांचे, डॉक्टरांचे कागद येतात. मी स्टेशनरोडला एकतीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. आता मुलगा बसतो. पण गल्लीचा समज असा की डॉक्टरांकडून आलेला कागद एकदा ताईंच्या डोळ्यांखालून गेला पाहिजे. फी म्हणून शेवग्याच्या शेंगा मिळतात.

भाऊ तंबोरे करतात. मिरजेत ते काम करणारी घरं आता मोजकीच उरलीत. आषाढी एकादशी झाली, द्वादशीला सकाळी ते भोपळा घासायला बसले आणि घाम फुटला. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. घरात निदान झालं, उपासाचं पित्त. मग सोडा, मग आल्याचा रस, मग पाठीला बाम. १८९४ मध्ये वानलेससाहेबांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे गाव डॉक्टरांचं, हाकेच्या अंतरावर दवाखाने, आणि आमचे भाऊ दोन तास घरात सोडा पीत बसलेले. शेवटी समोरच्या पोरानं गाडीत घातलं. पुढच्या बाजूची मोठी नस बंद होती. स्टेंट बसला. चौथ्या दिवशी एको झाला आणि कागदावर आकडा आला, तीस टक्के.

त्या तीसनं जो गोंधळ घातला तो काही विचारू नका. वहिनींच्या इचलकरंजीच्या वन्सं भेटायला आल्या, कागद बघितला, आणि परत जाताना एसटीतच चार जणींना सांगितलं, "दादाचं सत्तर टक्के हार्ट गेलं." दोन दिवसांनी वहिनींच्या माहेरचे रडत आले.

तेव्हा याच भिंतीपाशी मी त्यांना सांगितलं होतं, की बाई, या परीक्षेत शंभर मार्क कुणालाच पडत नाहीत. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरतो आणि आवळतो. भरलेल्या रक्तातलं किती बाहेर गेलं, त्याचा तो टक्का. तुमचा-माझा असेल पंचावन्न ते सत्तरच्या मध्ये कुठं तरी. म्हणजे तीस हे साठातले तीस धरा. निम्मं. वाईट आहे, पण वन्सं म्हणतात तसं नाही. शिवाय अॅटॅकनंतर चार दिवसांतला आकडा हा शेवटचा आकडा नसतो. रक्तपुरवठा तुटल्यामुळं काही भाग मरतो, त्याचा व्रण होतो, तो काही परत येत नाही. पण त्याच्या भोवतीचा काही भाग नुसताच सुन्न झालेला असतो. नस उघडली की तो दिवसांनी, आठवड्यांनी जागा होतो. अमेरिकेत ब्राउनवाल्ड आणि क्लोनर या डॉक्टरांनी १९८२ मध्ये त्याला 'सुन्न पडलेलं हृदय' असंच नाव दिलं. म्हणून तर डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने औषधं घ्या, मग परत बघू, छातीत शॉक देणारं मशीन बसवायचं की नाही ते तेव्हा ठरवू. पस्तीस किंवा त्याखाली राहिलं असतं, तर बसवायला लागलं असतं.

"म्हणजे मशीन टळलं?" वहिनी.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, आता गरज नाही."

"मग टळलं."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच, त्याच दमात, "मग आता नऊ गोळ्यांतल्या चार तरी कमी होतील ना?"

या नऊ गोळ्यांचं महाभारत वेगळंच. पहिल्या आठवड्यात वहिनींनी मिसळणाचा जुना डबा रिकामा केला. सात वाट्या, सात वार. कल्पना मला फार आवडली, पण उघडून बघते तर काय, बाईंनी सगळ्या गोळ्या पाकिटातून सोडवून वाट्यांत टाकलेल्या. पावसाळ्याची हवा, एक गोळी मऊ पडलेली, आणि मंगळवारच्या वाटीला हिंगाचा वास. मी कात्री मागवली. पट्टीसकट कापून ठेवा, आणि नाव आणि तारीख आहे ती बाजू शेवटी कापा. दुकानात रोज येतात लोक, नाव कापून गेलेली चांदीची चिपटी दाखवतात आणि म्हणतात, ही द्या.

नवातल्या दोन रक्त पातळ ठेवायच्या, स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून. त्यांतली एक सहसा वर्षभर असते, दुसरी, म्हणजे अॅस्पिरिन, पुढंही राहते. एक कोलेस्टेरॉलची, एक पित्ताची, एक लघवीची. राहिल्या चार. खरं भांडण या चारांवरूनच.

वन्संचा मुद्दा बिनतोड होता. "दादाचं बीपी शंभर, मग बीपीच्या तीन गोळ्या कशाला? आणि त्याला शुगर नाही, तर शुगरची गोळी कशाला? डॉक्टरांनी दुसऱ्याच पेशंटचा कागद दिलाय." इचलकरंजीत त्यांच्या ओळखीचा एक कंपाउंडर आहे, त्यानंही दुजोरा दिला म्हणे.

मी वन्संना बसवलं. म्हटलं, पंप अशक्त झाला की शरीर घाबरतं. त्याला वाटतं, कुठं तरी जखम होऊन रक्त वाहून चाललंय. मग ते नसा आवळतं, मीठपाणी धरून ठेवतं आणि हृदयाला अॅड्रिनलिनचा चाबूक मारतं. खरोखर जखम झाली असती तर या तिन्ही गोष्टींनी जीव वाचला असता. पण इथं जखम नाही, इथं पंप दमलाय. तर ही जी मदत आहे ना, तीच महिन्या-महिन्यानं त्याला मारते.

"थकल्या बैलाला पराणी टोचायची," वहिनी मध्येच म्हणाल्या. त्या बेडगच्या शेतकऱ्यांच्या घरातल्या. मला पुढं काही सांगावंच लागलं नाही.

आणि दुसरं एक होतं. व्रण पडलेली भिंत पातळ होते, ताणते, आणि उभट असलेला कप्पा हळूहळू गोल आणि मोठा होत जातो. भाऊ तेव्हा आरामखुर्चीत होते, आतून म्हणाले, "भोपळ्यासारखा?" अगदी भोपळ्यासारखा. तंबोऱ्याला भोपळा जितका मोठा आणि गोल तितका नाद चांगला, हृदयाचं बरोबर उलटं. हा भोपळा होऊ द्यायचा नाही, हेच त्या चार गोळ्यांचं काम. त्या 'बीपीच्या' नव्हेत, 'शुगरच्या' तर नव्हेतच. त्यांचा जन्म तिकडं झाला, आता संसार इकडं आहे.

पहिली जी आहे, तिच्या घराण्याचा मूळपुरुष साप. खोटं नाही सांगत. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप असतो, त्याच्या विषात नसा आवळणाऱ्या यंत्रणेला अडवणारा पदार्थ सापडला आणि त्यावरून कॅप्टोप्रिल तयार झालं. १९९२ मध्ये अॅटॅकनंतर पंपिंग चाळीस किंवा खाली गेलेल्या २,२३१ लोकांवरचा अभ्यास आला. कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत मृत्यू १९ टक्क्यांनी कमी. भाऊंना आहे ती त्याच घराण्याची पुढची पिढी, सॅक्युबिट्रिल-वलसार्टन. तिचं पेटंट आपल्याकडं २०२३ च्या सुरुवातीला संपलं. त्याआधी ही पट्टी मागायला येणाऱ्या माणसाचं तोंड किंमत ऐकून कसं व्हायचं, ते मी गल्ल्यावर बसून बघितलंय. अर्धीच द्या, म्हणायची माणसं.

दुसरी चाबूक काढून घेणारी, बीटा ब्लॉकर. हिची मात्र मला लाज वाटते. आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात ठळक होतं, अशक्त हृदयाला ही द्यायची नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ मध्येच देऊन बघितली होती, पण जगानं ऐकायला वीस-पंचवीस वर्षं लावली. दुकानात पंपिंग कमी असलेल्या माणसासाठी पहिल्यांदा कार्व्हेडिलॉलची चिठ्ठी आली, तेव्हा मी शहाणपणानं डॉक्टरांना फोन केला, "चुकून लिहिलंय का?" ते एवढंच म्हणाले, "बाई, नवीन वाचत जा." २००१ मध्ये अॅटॅकनंतरच्या १,९५९ लोकांवरचा अभ्यास आला, त्यात मृत्यू २३ टक्क्यांनी घटले होते. तेव्हापासून वाचते.

तिसरीचं नाव निघालं की वहिनी आवाज खाली आणतात. स्पायरोनोलॅक्टोन. मीठ अडवणाऱ्या आणि हृदयात व्रणाचे धागे वाढवणाऱ्या हार्मोनला ती रोखते. औषध जुनं आणि स्वस्त. १९९९ च्या अभ्यासात हृदय फार थकलेल्यांचे मृत्यू तिनं ३० टक्क्यांनी कमी केले. पण दहा पुरुषांत एकाला छाती दुखते, फुगते. भाऊ महिनाभर उकाड्यातसुद्धा शर्ट काढेनात. वहिनींना वाटलं, हवा लागू नये म्हणून. शेवटी मी विचारलं, तेव्हा लाजत कबूल केलं. डॉक्टरांनी बदलून एप्लेरेनोन दिली. तिचं काम तेच, हा त्रास फार कमी, आणि अॅटॅकनंतरच्या ६,६३२ लोकांवर तिचाच अभ्यास झालेला. पंधरा दिवसांत भाऊ बनियनवर आले. न बोलण्यानं किती गोळ्या गटारात जातात, याचा हिशेब कुठल्या दुकानदाराकडं नसतो.

या गोळीवर, आणि पहिलीवरही, पोटॅशियम वाढतं. म्हणून मी पहिल्या दिवशीच नारळपाणी बंद केलं. अहो, भेटायला येणारा प्रत्येक जण दोन शहाळी घेऊन यायचा! व्हरांड्यात बारा शहाळी मोजली मी. वर कुणी तरी 'हृदयासाठी चांगलं' म्हणून कमी सोडियमचं मीठ आणून दिलेलं. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियमच घातलेलं असतं. शहाळी आम्ही गल्लीनं प्यायलो. मीठ परत गेलं. रक्ततपासणी मात्र वेळेवर, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, त्यात आळस नाही.

आणि चौथी, ती 'शुगरची'. डापाग्लिफ्लोझिन. यावर वहिनींच्या दिरांनी मोठा हल्ला चढवला होता. ते अर्जुनसालीची पुडी घेऊन आले आणि म्हणाले, ही विलायती रसायनं सोडा, झाडाची साल ती झाडाची साल. मी म्हटलं, भाऊसाहेब, ही पण झाडाची सालच आहे. १८३५ मध्ये युरोपात सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन काढलं, त्यानं लघवीतून साखर जाते. त्यावरून बेतलेल्या या गोळ्या बाजारात यायला २०१२ उजाडलं. पावणेदोनशे वर्षं! आणि मग २०१९ मध्ये ४,७४४ लोकांवरच्या अभ्यासात दिसलं, की मधुमेह नसला तरी दमलेल्या हृदयाला हिचा उपयोग होतो. अर्जुनाला माझा विरोध नाही, त्याचीही अशी परीक्षा घ्या आणि मग घेऊन या. दीर गप्प बसले, पुडी मात्र ठेवून गेले. हिच्यावर असताना कडक उपास नको आणि जुलाब-उलट्या लागल्या तर डॉक्टरांना लगेच फोन, हे मी वहिनींना दोनदा सांगितलं. त्यांनी भाऊंच्या वाटणीच्या एकादश्या स्वतःकडं घेतल्या.

चारही एकदम कशाला, एकच जोरदार का नाही, हा प्रश्न खुद्द भाऊंचा. त्याचं उत्तरही त्यांच्याच हातात होतं. एक पंचम, दोन जोड, एक खर्ज. एकटी तार कितीही ओढा, तंबोरा भरत नाही. आणि चारही तारा एकदम ताणायच्या नाहीत, खुंटी थोडी थोडी पिळायची, मणी सरकवायचा, ऐकायचं. डॉक्टरांनी तेच केलं. चारही थोड्या थोड्या मात्रेत सुरू केल्या, दर दोन आठवड्यांनी बीपी, नाडी, रक्त बघून वाढवल्या. एकदा उठताना भाऊंना चक्कर आली, तर एक पायरी मागं. २०२० मध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडला. जुन्या दोन प्रकारच्या गोळ्यांऐवजी या चारही दिल्या, तर पंपिंग घसरलेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाला सरासरी सहा वर्षं आयुष्य जास्त. अंदाजच आहे तो, पण सहा वर्षं म्हणजे किती तंबोरे, ते भाऊ बोटांवर मोजत बसले.

एकत्र दिल्यानं काय होतं, याची हृदयरोगातली जुनी गोष्ट मला फार आवडते. १९८८ चा अभ्यास, १७,१८७ माणसं, सगळी ताज्या अॅटॅकची. नुसतं अॅस्पिरिन दिलं, फायदा झाला. नुसतं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, फायदा झाला. दोन्ही दिलं, तर पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ वरून ८ टक्क्यांवर आले. छापणाऱ्या मासिकाचा हट्ट, की वयानुसार, अमक्यानुसार, तमक्यानुसार वेगळे आकडे द्या. संशोधक वैतागले, त्यांनी राशीनुसारही आकडे दिले. निघालं काय, तर मिथुन आणि तूळवाल्यांना अॅस्पिरिनचा उपयोगच नाही!

"अगं बाई, यांची तूळच!" वहिनींनी कपाळाला हात लावला.

म्हटलं, वहिनी, तो चिमटा होता. आकडे फार बारीक चिरले की असलं काहीही निघतं, हे त्यांना दाखवायचं होतं. आणि त्यांची रास जन्मतारखेवरची, आपल्या पत्रिकेतली नव्हे. तरी त्या दिवशी वहिनींनी अॅस्पिरिनची गोळी देवासमोर ठेवून मग दिली.

आता पिवळ्या बंगल्यातल्या काकूंचं. त्यांच्या काकांनाही दसऱ्याच्या सुमाराला अॅटॅक आला, छोटा. अर्ध्या तासात पोचले, पंपिंग अठ्ठावन्न. त्यांना पाचच गोळ्या. काकू माझ्याकडं येऊन हिरमुसून म्हणाल्या, "तिकडं तंबोरेवाल्यांना भारीतल्या, आमच्यांना मेल्या साध्या." काय म्हणावं! कमी गोळ्या मिळाल्या म्हणून दुःख करणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. त्यांना सांगितलं, ज्याचा पंप शाबूत त्याला हे सगळं लागत नाही. नवी भारी गोळी अॅटॅकनंतर लगेच देऊन बघितलीय मोठ्या अभ्यासांत. २०२१ मध्ये सॅक्युबिट्रिलवाली जुन्या रामिप्रिलपेक्षा ठळकपणे सरस ठरली नाही. २०२४ मध्ये 'शुगरच्या' जातीतलीच एम्पाग्लिफ्लोझिन ६,५२२ लोकांना देऊन बघितली, ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट तिलाही गाठता आलं नाही, हृदय थकून दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण तेवढं कमी दिसलं. त्याच वर्षी पंपिंग चांगलं असलेल्यांना बीटा ब्लॉकर दिली, तर न दिलेल्यांपेक्षा फरक पडला नाही. नवं म्हणून सोनं नव्हे, आणि शेजाऱ्याला दिलं म्हणून आपल्यालाही हवं, असं तर मुळीच नव्हे. काकूंना पटलं असं वाटत नाही. जाताना म्हणाल्या, "तरी पण विचारते डॉक्टरांना."

तर आजचा प्रश्न. चव्वेचाळीस आलं, आता चार कमी करायच्या का?

मी वहिनींना कोपऱ्यावरच्या मास्तरांची आठवण करून दिली. चार वर्षांमागं त्यांचं पंपिंग अठ्ठावीसवरून पन्नास झालं होतं. पेढे वाटले. आणि मग कुणालाही न विचारता, दर महिन्याला एक, अशा गोळ्या सोडल्या. मुलगा परदेशात, सांगणारं कुणी नाही. मी माझ्या मुलाला म्हटलं सुद्धा, मास्तर औषधाला आले नाहीत बरेच दिवस, दुसऱ्या दुकानातून घेतात वाटतं. ते कुठूनच घेत नव्हते. दिवाळीला पायांवर सूज, झोपलं की दम, रात्रभर खुर्चीत बसून. पंपिंग बत्तीस. परत सगळ्या सुरू केल्या, पण पन्नास काही दिसलं नाही पुन्हा. आता फाटकापर्यंत येतात, तेवढंच.

लंडनमध्ये हे मुद्दाम करून बघितलंय, डॉक्टरांच्या नजरेखाली. २०१९ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्या लोकांचं हृदय अॅटॅकनं नव्हे, दुसऱ्या आजारानं फुगलेलं होतं, पण औषधांनी पूर्ण सुधारलेलं. पंचवीस जणांच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या, सहा महिन्यांत अकरा जणांचं हृदय परत घसरलं. ज्या सव्वीस जणांच्या चालू ठेवल्या, त्यांतल्या एकाचंही नाही. बरं दिसणं आणि बरं होणं यांत एवढं अंतर आहे.

"म्हणजे हे चव्वेचाळीस गोळ्यांचं?"

"गोळ्यांचं आणि भाऊंचं. तारा उतरवून ठेवल्यावर तंबोरा वाजेल का?"

आतून भाऊ म्हणाले, "तारा उतरवल्या तर घोडीसुद्धा जागेवर राहत नाही."

वहिनी जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, निदान सगळं एकाच गोळीत का घालत नाहीत मेले? तसं निघालंय की. अॅस्पिरिन, रामिप्रिल आणि कोलेस्टेरॉलची अशी तीन मिळून एक गोळी युरोपात अॅटॅकवाल्या २,४९९ म्हाताऱ्यांना दिली. २०२२ मध्ये निकाल आला, पुन्हा अॅटॅक, पक्षाघात, हृदयामुळं मृत्यू असं सगळं धरून २४ टक्के कमी. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं असल्या गोळ्या आवश्यक औषधांच्या यादीतही घेतल्या. पण भाऊंच्या चार गोळ्यांची मात्रा अजून जुळतेय, त्यामुळं सध्या डबाच बरा. पित्ताची आणि लघवीची कमी होतील बहुतेक, डॉक्टरांना तेवढं विचारा, म्हटलं. आणि गुडघा दुखला तर माझ्या मुलाकडून सुद्धा ब्रूफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. तो देणार नाही, पण भाऊ दुसऱ्या दुकानात जातील, मी ओळखून आहे.

शेंगा भिंतीवर ठेवून वहिनी आत गेल्या. गुरुवारची वाटी रिकामी केल्याचा आवाज मला ऐकू आला. पुढचा एको पाडव्यानंतर आहे, आणि भाऊंनी काल चार महिन्यांनी भोपळा हातात घेतला, अर्धा तास.